आधी केव्हा, मग कोण

काही वाईट घडले की आपण विचारतो, ‘कोणी केले?’ ‘केव्हा झाले?’ हे विचारण्याइतका धीर आपल्याला नसतो. आणि ‘कोणी’चे उत्तर म्हणून नुकताच आलेला परका माणूस हाताशी असतोच.

लिबियातील बेनगाझी येथे मुलांच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची बाधा झाली. आळ आला पाच बल्गेरियन परिचारिकांवर आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर. २००४ मध्ये त्यांना देहदंड सुनावला गेला. आईबापांना मी दोष देत नाही. दुःखाला एक चेहरा हवा असतो.

पण विषाणूच्या अंगावरच तारीख लिहिलेली होती. पोथीच्या नकला होताना चुका शिरतात आणि पुढच्या प्रतींत उतरतात, तसेच विषाणूचे आहे. निरनिराळ्या वर्षी घेतलेल्या रक्तातले विषाणू ताडून पाहिले की चुका कोणत्या गतीने साचतात ते कळते. मग त्या गतीने मागे मोजत मूळ प्रतीच्या काळापर्यंत जाता येते. नेमका दिवस मिळत नाही; काळाचा पट्टा मिळतो. तेवढाही पुरे होता. शास्त्रज्ञांनी चव्वेचाळीस मुलांमधले विषाणू असे तपासले. ही परकी मंडळी मार्च १९९८ मध्ये तेथे आली. विषाणू त्याआधीच मुलांत पसरू लागला होता. हा निष्कर्ष डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात न्यायालयाने पुन्हा देहदंडच सुनावला. २००७ च्या जुलैत शिक्षा जन्मठेपेवर आली, त्यांना बल्गेरियात पाठवले गेले आणि तेथे माफी मिळाली. माफी! जणू अपराध झालाच होता.

हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. पेटीतली पुस्तके नाहीशी होत होती. ऑगस्टमध्ये एक मुलगा नव्याने आला होता. साऱ्यांची बोटे त्याच्याकडे वळली, आणि मी भर वर्गात त्याचे दप्तर उलटे केले. त्यात एक चिंचेचे बोटूक आणि त्याच्याच वह्या निघाल्या. पुढे सहामाहीला मी नोंदवही चाळली. पहिली तीन पुस्तके जुलैतच गेली होती. नोंद माझ्याच अक्षरात होती.

मी त्याला बोलावून ‘चुकलो रे’ म्हणालो. तो म्हणाला, “असू द्या, गुरुजी.”

दप्तर उलटे केले तेव्हा चाळीस मुले पाहत होती. चूक कबूल केली तेव्हा वर्गात आम्ही दोघेच होतो.