लेव्यांची पन्नाशी

शास्त्रपाठ : गणना ८:२३–२६



महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धांवूं लागल्या. आडगांवच्या कित्येक अडलेल्या बाळंतिणी व अपघातांत सांपडलेले वाटसरू त्यांच्यामुळें वांचले, हें आपण जाणतां. अशा गाड्या हांकणारीं आपल्याच घरांतलीं मुलें असतात. आमच्या मंडळींतील एक तरुण कांहीं वर्षें रुग्णवाहिकेवर चालक होता.

एके रात्रीं तो आम्हांकडे आला. नोकरी सोडावयाची आहे असें सांगून तो म्हणाला, "पाळकसाहेब, पूर्वीं गाडींत एखादी आई रडूं लागली म्हणजे माझेहि डोळे भरून येत. आतां कांहींच वाटत नाहीं. याचेंच मला भय वाटतें."

आम्हीं त्यास काय उत्तर दिलें? नांगरास हात घालून मागें पाहणाऱ्याविषयींचें प्रभूचें वचन (लूक ९:६२) आम्हीं त्यास ऐकविलें. तो मुकाट्यानें उठून गेला, व कित्येक महिने उपासनेस आला नाहीं. बंधूंनो, तें वचन खरें, परंतु आम्हीं तें अस्थानीं लाविलें. तें ख्रिस्ताच्या मागें जाण्याविषयीं आहे, एखाद्या नोकरीविषयीं नव्हे.

पुढें शास्त्र वाचीत असतां लेव्यांचा नियम आमच्या दृष्टीस पडला. लेव्यानें पंचविसाव्या वर्षीं दर्शनमंडपाच्या सेवेंत शिरावें, आणि पन्नासाव्या वर्षीं ती सेवा सोडावी, असें परमेश्वरानें मोशेस सांगितलें. मंडप उकलणें, फळ्या व खांब हलविणें हें शरीर झिजविणारें काम होतें. ज्यांच्या खांद्यांवर कराराचा कोश असे, त्यांसहि ओझें उतरविण्याची वेळ देवानेंच नेमून दिली. त्यांनीं पुढें मंडपापाशीं राहून आपल्या भावांस साहाय्य करावें, असें ठरविलें. काम बदललें, परंतु देवाच्या घरांतलें त्यांचें स्थान गेलें नाहीं.

कोणी म्हणेल, तो तरुण पन्नाशीचा नव्हता. खरें, पण ओझें सर्वांचें सारखें नसतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं अशा थकव्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत : शक्ति सरणें, कामावरून मन विटणें, आणि आपल्या हातून कांहीं होत नाहीं असें वाटणें. हा रोग नव्हे, कामांतील दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम होय, असें ती म्हणते. आणि ही विश्वासाची उणीव आहे, असें शास्त्रहि म्हणत नाहीं. एलीया रतामाच्या झुडुपाखालीं मरण मागत पडला, तेव्हां देवानें त्यास निजूं दिलें, दोनदां उठवून भाकर व पाणी दिलें, आणि काम मागाहून सांगितलें (१ राजे १९).

आम्हीं त्या बंधूच्या घरीं जाऊन क्षमा मागितली, व त्यानें ती केली. सध्यां तो बाजारच्या गांवीं इंजिनें दुरुस्त करितो. रविवारीं उपासनेनंतर तो तरुणांस वाहतें रक्त कसें दाबून धरावें, जखमी मनुष्यास कसें उचलावें, हें शिकवितो. आम्हांस तो मंडपापाशीं उभा असलेला लेवीच वाटतो.

कोणी विसाव्यानें सांवरून पुन्हां त्याच गाडीवर चढेल, कोणास दुसरें काम धरावें लागेल. दोघेहि प्रभूचेच आहेत. तुमच्या गांवीं असा थकलेला कोणी असेल, तर वचन ऐकविण्यापूर्वीं त्यास जेवूं घाला, निजूं द्या, आणि त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐका. आम्हीं तें उशिरा केलें. तुम्ही उशीर करूं नका.

थकल्याभागल्यांस विसांवा देणारा ख्रिस्त तुम्हांबरोबर असो. आमेन.