लस कोणासाठी घ्यावयाची?

प्राणिहिंसेपासून दूर राहीन, हे पहिले शील आपण विहारात म्हणतो. स्वतःच्या हाताने कोणाचा जीव घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ आहे काय? ज्यामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो आणि जे टाळणे आपल्या हाती आहे, ते न टाळणे हाही त्या शीलाचा भंग होय काय? प्रश्न पुस्तकी वाटेल. परंतु वस्तीत लसीकरणाचा दिवस आला, की तोच प्रश्न प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो.

ज्या रोगाने असंख्य लेकरे मारली आणि वाचलेल्यांची तोंडे विद्रूप केली, त्याला आपण 'देवी' म्हणत आलो. देवीचा कोप झाला म्हणून ओटी भरावयाची, कडुनिंबाचा पाला दाराला बांधावयाचा आणि वाट पाहावयाची! जेथे कोप मानला, तेथे कारण शोधण्याची गरजच उरत नाही. भगवान बुद्धांनी नेमके उलट सांगितले. दुःखाला कारण असते, आणि कारण नाहीसे केले की दुःख नाहीसे होते. लसीचा शोध हा याच विचाराच्या वाटेवरचा आहे.

इ. स. १७९६ मध्ये इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीची लस टोचली. हा मुलगा एका गरीब मजुराचा होता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली, आणि तिच्या दंडावरील फोडातून ती पुढे इतरांच्या दंडाला गेली. त्या काळी लस अशीच एका देहातून दुसऱ्या देहात जात असे. अशी लस देणारी मुले पुष्कळदा खालच्या मानलेल्या जातींची असत, आणि त्यांच्या दंडातला द्रव आपल्या अंगात नको, म्हणून वरच्या जातींचे लोक नकार देत. रोगाला विटाळ नव्हता, माणसाला होता! त्या लेकरांना कोणी विचारले नव्हते, आणि हा अन्यायच होता. परंतु त्यांच्या दंडांवरून चालत आलेल्या कामाचे फळ आज आपण सर्वजण भोगतो. भारतातील देवीचा अखेरचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात आढळला. १९८० मध्ये सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज पन्नाशीच्या आतील माणसाच्या तोंडावर देवीचे व्रण शोधून सापडत नाहीत. कोणताही नवस हे करू शकला नव्हता.

१८९७ हे साल आपण विसरू नये. त्या वर्षी १० जानेवारीला डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोहोचविले होते. एकीकडे प्रज्ञा, एकीकडे करुणा. आज या दोहोंची सांगड घालणे आपल्याला शक्य आहे. ते न केले, तर सावित्रीबाईंची पुण्यतिथी साजरी करण्याला अर्थ काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातील शाळांतून गोवर-रुबेलाची लस देण्यास सुरुवात झाली. तेव्हा एका पालकाने मला विचारले, "गुरुजी, रुबेलाचा धोका गरोदर बाईच्या गर्भाला, मग माझ्या मुलाला सुई कशाला?" प्रश्न रास्त होता. मुलाला रुबेला झाला तर त्याचे बहुधा थोड्या तापावर आणि पुरळावर भागते. पण त्याच्यापासून तो रोग गरोदर बाईला लागला, तर तिचे मूल आंधळे, बहिरे किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. म्हणजे तो मुलगा सुई सोसतो ती बहुतांशी एका न जन्मलेल्या, न पाहिलेल्या जीवासाठी. मैत्री म्हणतात ती हीच. ओळखीच्या माणसावर माया तर सर्वच करतात.

गोवराचेही तसेच. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधीचे तान्हे मूल सर्वस्वी शेजाऱ्यांच्या भरवशावर असते. गोवराचा एक रोगी १२ ते १८ असंरक्षित माणसांना रोग देऊ शकतो. शंभरांतील सुमारे ९५ जणांनी लस घेतली, तरच उरलेले सुरक्षित राहतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात गोवराने लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांना लस मिळालेली नव्हती.

लस ही केवळ लहान मुलांची बाब, हाही गैरसमज होय. गरोदर मातेने धनुर्वाताची लस घेतली, तर जन्मणाऱ्या बाळालाही संरक्षण मिळते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची पुन्हा एक मात्रा लागते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी घटसर्प-धनुर्वाताची लस असते. ती शाळेत मिळते, म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. सफाईकाम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या हाताला दवाखान्याच्या कचऱ्यातील सुई केव्हा टोचेल याचा नेम नाही. त्यांनी हिपॅटायटिस-बी ची लस घ्यावी, आणि मालकाने ती द्यावी असा आग्रह धरावा. कुत्रे चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि मांत्रिकाकडे न जाता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. म्हाताऱ्या माणसांनी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

काही जण म्हणतात, आजार हे मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ. ज्या शिकवणुकीने आपले दारिद्र्यही मागल्या जन्माच्या माथी मारले, तिचेच हे पिल्लू आहे, आणि बाबासाहेबांनी ती स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. दुसरे म्हणतात, सर्व अनित्य आहे, मरण कोणाला चुकले? खरे आहे. परंतु मरण अटळ आहे म्हणून अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी तसेच टाकले नाही. त्याला त्यांनी आपल्या हातांनी धुतले. अनित्यतेचे ज्ञान हे निष्काळजीपणाचा परवाना नव्हे.

डॉक्टर सांगतात म्हणून डोळे मिटून मानावे, असेही मी म्हणत नाही. कालामांना तथागतांनी सांगितले ते स्मरावे आणि परिणाम पाहून ठरवावे. लसीने ताप येतो, दंड सुजतो. क्वचित एखाद्याला तीव्र त्रासही होतो, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. मागील त्रास असल्यास आधी सांगावे. हे एका पारड्यात टाका. दुसऱ्या पारड्यात देवीचे नाहीसे होणे टाका, आणि २०११ च्या जानेवारीनंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रोगी न आढळणे टाका. मग निर्णय करा.

आणि एक गोष्ट. नर्सताई वस्तीत येत नसतील, तर चार घरांनी मिळून आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. सरकारी लस ही कोणाची मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे. मात्र हक्क मिळाल्यावर दंड पुढे करणे हे आपले कर्तव्य होय. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा आपापल्या मुलांची लसीकरणाची कार्डे बरोबर आणा. ज्याला वाचता येते त्याने ती इतरांना वाचून दाखवावीत, आणि राहिलेल्या मात्रांची यादी करून दुसऱ्याच दिवशी केंद्र गाठावे.