वाणीचा अधिकार



पन्नास वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहून बोललो. गुडघे थकले, आवाज बसला, म्हणून चार वर्षांपूर्वी कीर्तन थांबवले. आता पुरुषोत्तमनगरला मुलाच्या घरी असतो. सकाळी साखर कारखान्याचा भोंगा आणि संध्याकाळी हरिपाठ, एवढाच दिवस. बोलणाऱ्याला ऐकण्याची सवय नसते. ती या वयात लावून घेतो आहे. त्या ऐकण्यातच मागच्या हिवाळ्यात असे काही कानावर पडले की, पन्नास वर्षांच्या बोलण्याचा हिशेब नव्याने मांडावा लागला. तो आपल्यापुढे ठेवतो.

नातू शहाद्याला कॉलेजात शिकतो. एके दिवशी म्हणाला, "आबा, चला. तुमच्यासारखेच उभे राहून बोलणारे लोक दाखवतो." तो मला एका सभागृहात घेऊन गेला. तिथे टाळ नव्हता, मृदंग नव्हता, समोर कागदही नव्हता. एकेक मुलगा, एकेक मुलगी यायची आणि स्वतः केलेली कविता तोंडपाठ म्हणायची. हुंडा, नापिकी, जात, नोकरी, घरातली मारहाण असे विषय. या प्रकाराला ही मुले 'स्लॅम' म्हणतात. नातवाने सांगितले ते असे. अमेरिकेत शिकागो शहरी मार्क स्मिथ नावाचा एक बांधकाम मजूर होता. कविता विद्वानांच्या खोलीत कोंडली गेली आहे, ती लोकांत आणावी, म्हणून १९८६ साली त्याने 'ग्रीन मिल' नावाच्या पेयगृहात ही रीत सुरू केली. वाद्य नाही, वेषभूषा नाही, वेळ साधारण तीन मिनिटे. श्रोत्यांतलेच पाच जण परीक्षक व्हायचे आणि शून्य ते दहा असे गुण द्यायचे.

मला प्रथम हसू आले. कविता विद्वानांच्या खोलीतून वाळवंटात आणण्याचे काम आपल्या संतांनी सातशे वर्षांपूर्वी केले आहे. मजुराने म्हणावे आणि इतरांनी ऐकावे, ही रीत सावता माळ्याच्या, गोरा कुंभाराच्या सोबत्यांना कोणी शिकवायची? मनात थोडा अभिमानही आला. तो अभिमान दहा मिनिटेच टिकला.

एक भिल्ल समाजाची मुलगी उभी राहिली. वय वीसच्या आत. ती तिच्या आजीविषयी बोलली. दुष्काळाच्या वर्षांत आजी आणि गावातल्या बायका दारूच्या भट्टीवर चालून गेल्या, मडकी फोडली, घरी आल्यावर नवऱ्याचा मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाल्या. मग ती थांबली आणि म्हणाली की, त्याच वर्षांत पलीकडच्या गावात एक महाराज कीर्तनात दारुड्या भिल्लाचा विनोद सांगत होते आणि मंडप हसत होता. तिने नाव घेतले नाही. तिला नाव ठाऊक होते की नाही, तेव्हा मला कळले नाही. माझे मला कळले.

माउली, तो दृष्टांत माझा होता. मी तो येथे पुन्हा सांगणार नाही. व्यसनावर निरूपण आले की हमखास तो द्यायचो. पाठीमागचे टाळकरी हसायचे, मंडप हसायचा, निरूपणाला रंग चढायचा. तीस वर्षे सांगितला. मनात वाईट हेतू नव्हता, असे मी स्वतःला सांगत आलो. पण वाईट हेतू नसणे म्हणजे चांगला हेतू असणे नव्हे.

आळंदीचे शिक्षण संपवून मी १९७१ साली गावी परतलो. तो काळ ज्यांना आठवतो त्यांना ठाऊक आहे की, तेव्हा शहादा तालुका धगधगत होता. जमिनी, मजुरी, सालदारी यांचे प्रश्न पेटले होते. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. तिचे एक पुढारी अंबरसिंग सुरतवंती. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत, कारण ते भजनाच्या वाटेने आपल्या लोकांपर्यंत गेले होते. आदिवासी बायका गावोगाव निघून दारूची मडकी फोडत होत्या, तेही त्याच सुमारास. त्याहून आधी, १९३७-३८ च्या सुमारास, तळोदे भागात गुलाम महाराजांनी आपल्या भिल्ल बांधवांना दारू सोडायला सांगितले होते आणि एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवले होते. ज्यांना गावाने कायम 'अरे' म्हटले, त्यांना एकमेकांनी तरी 'आप' म्हणावे! आजही तिकडे 'आप की जय' हा नमस्कार ऐकू येतो.

हे सारे माझ्या पायाखालच्या जमिनीवर घडत होते. मी मात्र व्यसनमुक्तीवर बोलताना आणि दृष्टांत शोधताना माझ्या तालुक्यात व्यसनाशी झुंजणाऱ्या बायकांकडे पाहिले नाही. हशा मिळेल तिकडे पाहिले. आमचे घर जमीनवाल्यांचे. त्या बायकांचे नाव घेतले असते तर पुढच्या सप्ताहाचे नारळ आले असते की नाही, ही शंका होतीच. हेही लपवून काय करायचे?

यातून पहिला प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला?

याच शहादा तालुक्यातले कवी वाहरू सोनवणे श्रमिक संघटनेत वाढले. त्यांची 'स्टेज' ही कविता पुष्कळांना ठाऊक आहे. आदिवासींच्या नावाने व्यासपीठ उभे राहते, त्यांचे दुःख त्यांनाच ऐकवले जाते आणि ज्यांचे दुःख आहे ते खालीच बसून राहतात, असा तिचा रोख आहे. नातवाने ती मला वाचून दाखवली. मी म्हटले, व्यासपीठ या शब्दाच्या जागी आमची गादी ठेवली तरी अर्थ बदलत नाही.

आता आपल्या संप्रदायाकडे पाहू. चोखोबांच्या अभंगांत चोखोबांचे नाव आहे. सोयराबाईंच्या अभंगांत सोयराबाईंचे. जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करीत, पण त्यांच्या अभंगावर नामदेवांनी आपली मुद्रा उमटवली नाही. ही साधी गोष्ट नव्हे. दुसऱ्या कोणी चोखोबांच्या वतीने कळवळा दाखवला असता तर तो चार दिवसांत विरला असता. चोखोबा स्वतः बोलले म्हणून सातशे वर्षांनी आपण ते गातो. ज्याचे दुःख त्याच्या नाममुद्रेसह ऐकायचे, हा आपल्या संतांनी घालून दिलेला धडा आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. चोखोबांचा शब्द आपण गाभाऱ्यापर्यंत नेला आणि चोखोबांना पायरीपाशी ठेवले. त्यांचे अभंग गाणाऱ्यांनी त्यांच्या जातभाईंना सहाशे वर्षे आत येऊ दिले नाही. शेवटी आपल्या खानदेशात, अंमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींना १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा दहाव्या दिवशी दार उघडण्याचे ठरले. शब्दाला मान दिला की माणसाला मान दिल्यासारखे होते, हा भ्रम आहे. मी तोच भ्रम पन्नास वर्षे जोपासला. चोखोबांच्या अभंगावर निरूपण करताना माझे डोळे भरून येत, आणि त्याच मंडपात मागे, चपलांपाशी कोण बसले आहे, ते भरल्या डोळ्यांना दिसत नसे.

कोणी म्हणेल, मग ज्याने त्याने स्वतःपुरतेच बोलावे काय? तसे म्हटले तर कीर्तनच बंद पडेल आणि करुणाही. मला वाटते, याचे उत्तर गाडगेबाबांनी देऊन ठेवले आहे. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ते पोथी सांगत नसत, प्रश्न विचारीत. श्रोत्यांनी उत्तर द्यायचे आणि त्या उत्तरातच स्वतःचे अज्ञान ऐकायचे. नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याला पोलीस ठाण्यापाशी झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आहे. आपण जरूर ऐका. त्यात बाबा लोकांना लोकांचे दुःख वर्णन करून सांगत नाहीत, लोकांना बोलते करतात. दुसऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार गादीवर चढल्याने मिळत नाही. त्याच्या दारात खराटा धरल्याने, त्याचे बोलणे आधी ऐकून घेतल्याने थोडासा मिळतो.

दुसरा प्रश्न वाणीच्या कठोरतेचा. त्या मुलीचे बोलणे मला झोंबले. गीतेत भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे: ज्याने उद्वेग होत नाही, जे सत्य आहे, प्रिय आहे आणि हिताचे आहे ते बोलणे. रात्री अंथरुणावर मी हा श्लोक तिच्या विरुद्ध साक्षीला काढला. मुलगी खरे बोलली, पण उद्वेग केला ना? पहाटेपर्यंत तोच श्लोक माझ्याकडे वळला. तीस वर्षे मी जे बोललो ते मंडपाला प्रिय होते. ज्यांच्याविषयी बोललो त्यांना? त्यांचा उद्वेग मी मोजलाच नव्हता, कारण त्यांना मी श्रोता समजतच नव्हतो. ते माझ्या दृष्टांतातले पात्र होते. प्रिय कोणाला, उद्वेग कोणाला, हे आधी ठरवल्याशिवाय तो श्लोक वापरता येत नाही. तुकोबांची वाणीही दांभिकांना मऊ लागली नव्हती. काटा काढताना दुखते. म्हणून काटा काढणाऱ्याला कोणी काटा टोचणारा म्हणत नाही.

असे असले तरी त्या मुलांनाही म्हाताऱ्याचे दोन शब्द सांगावेसे वाटतात. तुमच्या त्या गुणांना जपा. दुःख सांगितले आणि दहापैकी नऊ गुण मिळाले, की पुढच्या वेळी साडेनऊ मिळावेत म्हणून दुःख थोडे वाढवून सांगावेसे वाटते. मला हे ठाऊक आहे, कारण आमच्याकडे गुण नव्हते पण हशा होता, टाळी होती, बिदागीचे पाकीट होते. तुकोबांनी कीर्तन करणाऱ्याला घालून दिलेले नियम कडक आहेत: जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, माळ नको, बुक्का नको. इतके कडक का, ते मला उतारवयात कळले. श्रोत्याकडून काही हवे असले की बोलणे त्याच्या आवडीकडे झुकते. तीन मिनिटांच्या कवितेला आणि दोन तासांच्या कीर्तनाला हा रोग सारखाच लागतो.

आता शेवटचे सांगतो. आमच्या सप्ताहाच्या बैठकीत मी सुचवले की, एका संध्याकाळी हरिपाठानंतर अर्धा तास त्या मुलीला बोलू द्यावे. काहींना पटले. काही म्हणाले, "महाराज, सप्ताहात राजकारण नको." शेवटी पुढच्या वर्षी बघू, असे ठरले. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, ते आपण जाणता. मी चिडलो नाही. तरुणपणी मीही तेच म्हटले असते.

मग मीच नातवाला बरोबर घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर तिची आजी होती. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. मी खाली बसू लागलो तर तिने हाताने थांबवले, खाटेवर जागा करून दिली. मी म्हटले, "माय, माझ्याकडून चूक झाली." कोणती, ते सांगायला लागलो तर ती हसली. म्हणाली, "महाराज, ते मी ऐकलं आहे. कारखान्यावर ऊस तोडायला यायचो तेव्हा तुमच्या कीर्तनाला यायचो आम्ही. मागं बसायचो."

मी विचारले, "मग राग नाही आला?"

ती म्हणाली, "आला ना. पण तुमचा अभंग चांगला होता. म्हणून बसून राहिलो."

माउली, माझ्या पन्नास वर्षांच्या कीर्तनाला इतका मोठा मान कोणी दिला नाही आणि इतकी मोठी शिक्षाही कोणी दिली नाही. अपमान गिळून ती अभंगासाठी बसून राहिली. परमार्थ तिच्याजवळ होता. माझ्याजवळ गादी होती. त्या दिवशी मी दोन तास तिथे बसलो आणि फक्त ऐकले. मडकी कशी फोडली, कोण बरोबर होते, कोणाचा हात मोडला, सारे. त्यातले काही मी येथे लिहिले नाही. ते तिचे आहे आणि तिची नात ते सांगते आहे, माझ्यापेक्षा चांगले सांगते आहे.

कीर्तन संपले की आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहानमोठा पाहत नाही. ही आपल्या संप्रदायाची सर्वांत मोठी शिकवण आहे, आणि ती बोलून नव्हे, वाकून द्यायची असते. येत्या सप्ताहात, येत्या दिंडीत, आरती झाल्यावर आपण नेहमीच्या माणसांच्या पाया पडाल, तेव्हा एकदा मंडपाच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जा. तिथे कोण बसले आहे ते पाहा. त्याला वाका. आणि त्याला काही बोलायचे असेल, तर आपला टाळ थोडा वेळ खाली ठेवा.

पांडुरंग आपल्याला ऐकण्याची बुद्धी देवो. रामकृष्णहरी.