ही ऑडिशन कोणाची?

शनिवारी भद्रा मारुतीला येणाऱ्या गाड्यांच्या हॉर्नमुळे खुलताबादेत पाच मिनिटे शांतता मिळणे कठीण. अशा वेळी मुलाच्या गाण्याच्या ऑडिशनचा व्हिडिओ घरीच काढून पाठवायचा असला की आईवडील खिडक्या लावतात, पंखा बंद करतात, चेहऱ्यावर उजेड घेतात. ही मदत योग्यच आहे. पुन्हा पुन्हा गाऊन घेऊन त्यातले चांगले निवडण्यातही गैर काही नाही. परंतु दरवेळी एक सूर हुकतच असेल, तर दोन व्हिडिओंचे तुकडे जोडावेत काय? यंत्राने सूर सुधारावा काय?

येथे मदत संपते व लबाडी सुरू होते. परीक्षकांना कदाचित कळणार नाही, पण मुलाला कळते: 'माझा आवाज घरच्यांनाच पुरेसा वाटला नाही.'

२००९ साली झी मराठीवरील 'लिटल चॅम्प्स' स्पर्धेत आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. अंतिम फेरीतील इतर चौघे हरले. तरी २०२१ साली पाचही जण त्याच कार्यक्रमात ज्युरी म्हणून बसले. हरण्याने गाणे संपत नाही.

तेव्हा पालकहो, फोन स्थिर ठेवा, गाणे सलग घ्या आणि पाठवण्यापूर्वी मुलाला एकच विचारा, "बाळा, हे तुझंच आहे ना?"