बाळराजांची परवानगी

माणसाच्या आयुष्यात एक काळ असा असतो, की ज्यात त्याला कुणी काही म्हणजे काही विचारत नाही. तो म्हणजे जन्मल्यापासून बोलायला लागेपर्यंतचा. (लग्नानंतरचा काळही यात धरायचा मोह मला झाला होता, पण हा लेख घरातही वाचला जाणार आहे.)

हा शोध मला माझ्या नातवामुळं लागला. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकवर तेलाच्या वाटीचं राज्य सुरू झालं. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला मालिशवाल्या मावशी यायच्या. पदर खोचून न्हाणीघरात पाटावर बसायच्या, पाय लांब सोडायच्या आणि त्या पायांच्या पाळण्यात बाळराजे पालथे पडायचे. माझ्याकडे खाती दोनच : पाणी तापवणं आणि मध्ये न येणं. त्यातलं दुसरं मला काही जमलं नाही.

"मावशी, नाक जरा वर काढा हो, आजोबांवर गेलंय!" असं आमच्या सौभाग्यवती दाराबाहेरून सांगायच्या. वास्तविक माझंही नाक लहानपणी रोज असंच ओढलं जात होतं, असं आई सांगायची. परिणाम जगासमोर आहे. आमच्या डॉक्टरांनीही बजावलं होतं, की चोळून नाक सरळ होत नसतं, नाकाकानांत तेल सोडायचं नाही, आणि धुरीचं तर नावच काढायचं नाही. धुरी बंद झाल्याचं दुःख मावशींनी दोन दिवस पाळलं.

एके सकाळी लेकीनं मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. त्यात एक गोरी बाई दोन्ही तळव्यांना तेल लावते, ते तळवे बाळासमोर धरते आणि विचारते, "सुरू करू का?" मला हसू आवरेना. वीस दिवसांचा प्राणी! तो काय तीन प्रतींत अर्ज मंजूर करून देणार?

"हसू नका बाबा," लेक म्हणाली, "हे सगळं आपल्याकडूनच गेलंय." आणि ते खरंच होतं. तिकडं बाळांची मालिश शिकवणाऱ्या विमला मॅक्लूर या अमेरिकन बाई १९७३ साली भारतात एका अनाथालयात काम करत होत्या. त्यांनी हे तेलपाणी इथंच पाहिलं. फ्रेडरिक लेबॉये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानं कलकत्त्यात एका आईला बाळाला तेल लावताना पाहिलं आणि १९७६ साली तिच्याच नावाचं, 'शांतला' नावाचं, पुस्तक काढलं. पुढं १९८६ साली मायामीत वेळेआधी जन्मलेल्या बाळांवर एक प्रयोग झाला. दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस त्यांचं अंग हळुवार चोळलं, हातपाय हलवले. इतर बाळांपेक्षा त्यांचं वजन रोज सरासरी ४७ टक्के अधिक वाढलं. म्हणजे आमचंच तेल परदेशी जाऊन परत आलं होतं. येताना फक्त ही परवानगीची भानगड घेऊन आलं होतं.

मी ही गंमत मावशींना सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"मग इचारावं लागतंच की, दादा."

"तोंडानं?"

"तोंडानं कशाला? हातानं."

त्यांनी सपाट तळवा बाळाच्या छातीवर ठेवला. चोळला नाही, नुसता ठेवला. बाळानं मुठी आवळल्या होत्या. मावशी थांबल्या. मग एक मूठ सैल झाली, पाय ढिले पडले, तेव्हा कुठं त्यांचा हात चालू लागला. "पोरगं नाय म्हनलं, की हात उचलायचा. काल नव्हतं त्याच्या मनात, म्हनून नुसतं पुसून दिलं की नाय?"

काल मी ती कामचुकारी समजलो होतो आणि पैसे कापावेत की काय, असा विचारही मनात येऊन गेला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील शेवटचे आठ महिने अंथरुणावर होते. पक्षाघातानं वाचा गेलेली. रोज सकाळी त्यांचं अंग मी पुसायचो. आठ बाराची लोकल गाठायची असे, त्यामुळं हात सराईत झाला होता. इकडं वळव, तिकडं वळव, अकरा मिनिटांत काम फत्ते! त्यांना एकही व्रण झाला नाही. नातेवाईक म्हणत, "सेवा केली हो पोरानं!" मलाही ते पटायचं. एकदा त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि गाडी गाठली.

भलं करणाऱ्याची हीच खोड असते. भलंच करतोय म्हटल्यावर विचारायचं काय? आता काही गोष्टी नकार असला तरी कराव्याच लागतात. लस टोचायची तर बाळाचं मत घेऊन चालत नाही, आणि वडिलांचं अंगही पुसायलाच हवं होतं. पण विचारणं म्हणजे दर वेळी होकार मिळवणं नव्हे. समोर माणूस आहे, भांडं नव्हे, हे आधी आपल्या हाताला सांगणं. ज्याला वाचा नाही त्याच्या मुठी बोलत असतात. वडील आठ महिने बोलत होते. मी घड्याळ ऐकत होतो.

तेव्हा सुरुवातीला मी एकच काळ म्हटलं, ते चुकलं. असे काळ दोन असतात. दुसऱ्याकडं माझी वाटचाल सुरू आहे, म्हणून ही दुरुस्ती.

परवा मावशींचा खाडा होता. मी हात धुतले, वाटी कोमट केली, नातवाच्या छातीवर तळवा ठेवला आणि विचारलं, "काय राजे, सुरू करू?" उत्तरादाखल त्यानं माझा लेंगा भिजवला. हा होकार की नकार, यावर घरात मतभेद आहेत. मी आपला हात उचलला आणि थांबलो. मला आता कुठलीही गाडी गाठायची नव्हती.