निनावी कप

जिथं आपली जात कुणी विचारीत नाही, तिथं माणूस मोकळा होतो काय?

हा प्रश्न मला ग्रंथात सापडला नाही. चहाच्या हॉटेलात सापडला.

मी जवळा बाजारचा. आज हिंगोली जिल्हा. १९९९ पर्यंत परभणी. बाजाराच्या दिवशी बा हमाली करायचा आणि दुपारी हॉटेलाच्या मागल्या अंगाला उभ्यानंच चहा प्यायचा. आमच्या लोकांचे कप वेगळे. कान तुटलेले, कुडाच्या फटीत खोचून ठेवलेले. आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, पिऊन झाला की धुऊन पुन्हा फटीत खोचायचा. १९५० पासून देशात राज्यघटना लागू होती. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली होती. कलम १५ मध्ये तर हॉटेलांचा नाव घेऊन उल्लेख आहे. १९५५ चा कायदाही होता. पण त्या कुडाला वाचता येत नव्हतं.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेलं मिलिंद कॉलेज नसतं, तर मीही जल्मभर त्याच कुडाशी उभा राहिलो असतो. मिलिंदमधून बी.ए. झालो आणि शेजारच्याच मराठवाडा विद्यापीठात एम.ए.ला गेलो. विद्यापीठाच्या वाटेवर एक हॉटेल होतं. चार बाकडी, वर पत्रे, कोपऱ्यात रेडिओ. एका चहावर दोन तास बसा, मालक उठा म्हणायचा नाही. 'अस्मितादर्श'चा अंक आला की तिथंच वाचायचो. पँथरवर वाद घालायचो. सवर्ण घरची पोरंही टेबलाला असायची. एक चहा दोघांत, एकाला कप, एकाला बशी. मला वाटायचं, जिंकली लढाई.

१९७७ साली बा मला भेटायला आला. अंगात मळकट बंडी, डोक्याला पटका, हातात भाकरीचं गठुडं. मी त्याला त्याच हॉटेलात नेलं. टेबलावर मित्र बसलेले. एकानं सहज विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "गावाकडचे पाव्हणे आहेत."

बानं ऐकलं. बोलला काहीच नाही. चहा प्याला, उठला आणि सवयीनं कप धुवायला मोरीकडं गेला. पोऱ्या म्हणाला, "बाबा, ठेवा ना, माझं काम हाय ते." टेबलावर एकदम शांतता. सगळ्यांना सगळं कळलं होतं. मी मान खाली घालून बशीकडं बघत बसलो.

स्टँडवर एस.टी.त चढताना बा एवढंच म्हणाला, "कप धुवाया मला गावानं लावलं. बाप लपवाया तुला कुणी लावलं, लेकरा?"

आज बा नाही. प्रश्न आहे.

मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत काढली. हजारो वर्षांच्या व्यवस्थेनं ही लाज माझ्यात पेरली, माझा काय दोष? हे खरं आहे, पण अर्धंच. लाज व्यवस्थेची होती, जीभ माझी होती. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. त्या टेबलावर मला मिळत होती ती समता नव्हतीच. मी कोण ते माहीत नाही तोवर दिलेली ती सूट होती. ती सूट टिकावी म्हणून मी बाप खर्ची घातला.

पुढल्याच वर्षी हाच हिशेब साऱ्या मराठवाड्यानं पाहिला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंचा खून झाला. विद्यापीठात आम्ही शिकत होतो, ते चाललं होतं. वेशीवर नाव नको होतं! निनावी दलित खपतो, नाव घेऊन आला की घरं जळतात. ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. साडेपंधरा वर्षं.

आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालंय. विद्यापीठाच्या आसपास तुम्ही पोरं ज्या कॅफेत बसता, तिथं गाद्यांच्या खुर्च्या आहेत, गार हवा आहे. चहा कागदी कपात येतो, पिऊन फेकून द्यायचा. फटीत खोचायला कप उरला नाही, तसा दाखवायला पुरावाही उरला नाही. जात कुणी विचारीत नाही. "आडनाव काय?" एवढंच विचारतात. शेजारच्या टेबलावर आरक्षणाची टिंगल चालते आणि आपला एखादा दोस्त मोबाइलात डोकं घालून बसतो. मी बशीकडं बघत होतो, तो मोबाइलाकडं बघतो.

बसू नका असं मी म्हणत नाही. जरूर बसा. निवांत बसण्याचा हक्क आपल्या बापजाद्यांनी उभं राहून कमावलाय. पण एकदा आपल्या बाला, आईला तिथं घेऊन जा. मधल्या टेबलावर बसवा. कुणी विचारलं तर मोठ्यानं सांगा, हा माझा बाप.

आणि एक परीक्षा स्वतःचीच घ्या. त्या कॅफेच्या दारातून आपला माणूस आत आला आणि तुम्ही त्याला 'जय भीम' घातला, तेव्हा तुमचा आवाज खाली येतो काय?

येत असेल, तर तुमचा कप अजून कुडाच्या फटीतच आहे.