कलप आणि माळ

फाल्गुन शुद्ध एकादशीची गोष्ट. कीर्तन आटोपले, मंडळी एकमेकांच्या पाया पडून पांगली. एक गृहस्थ तेवढे खांबापाशी घुटमळत राहिले. वय साठीच्या घरातले, अंग काटक, गळ्यात तुळशीची माळ. केस मात्र कोळशासारखे काळेभोर. जवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हाराज, एक इचारायचं हुतं. माळ घातल्याला कलप चालतो का?"

मला हसू आले. "खोटे बोलणार नाही म्हणून माळ घातलीत ना? मग डोक्यावर खोटे कशाला वागवता?" असे मी त्यांना ऐकवले. कीर्तनकाराला चटकन उत्तर देण्याची खोडच असते. त्यांनी मान खाली घातली. "खरं हाय, माउली. पर पांढरं डोकं दिसलं की नाक्यावरचा मुकादम पुढं घेत न्हाई. 'म्हाताऱ्या, तू बस' म्हनतो. पोतं तर मी आजबी उचलतो." एवढे बोलून ते गेले. त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

सज्जन हो, केस पिकतो म्हणजे होते तरी काय? केसाला आपला असा रंग नसतो. कातडीखाली त्याच्या मुळाशी रंग घडविणाऱ्या पेशी असतात. त्या वाढत्या केसात मेलॅनिन नावाचे द्रव्य भरीत असतात. वय होते तसा या पेशींचा साठा सरत जातो आणि पुढचा केस कोरा निघतो. तो कोणाचा केव्हा सरावा, हे बरेचसे आईबापांकडून आलेले असते. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइडचा विकार जडला, बिडीकाडीची सवय असली, तरी केस लवकर पिकू शकतात. काळजीने केस पिकतात असे आपल्या आज्या म्हणत, तेही अगदीच वावगे नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२० साली उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, तीव्र ताणाने हा साठा झपाट्याने संपतो. मात्र एका रात्रीत सगळे डोके पांढरे झाले, ही नुसती कथा. बाहेर आलेला केस निर्जीव. काळजी त्याला कुठून कळणार? एक उपटला की सात उगवतात, हेही तसलेच.

आणि उपाय तरी किती! माका, आवळा, जास्वंद, कांद्याचा रस. तेलाने डोके निवते, केस मऊ होतो. पण वयाने पिकलेला केस काही काळा होत नाही. मेंदीने रंगतो, पण तांबूस. तिच्यात निळीच्या पानांची पूड घातली तर काळसर होतो. बाजारच्या काळ्या कलपात बहुधा पॅराफिनिलीनडायअमीन नावाचे रसायन असते. ते काहींना फार बाधते, डोळे सुजतात, टाळूला फोड येतात. पोटात गेले तर जिवावरच बेतते.

असो. मला टोचत होते ते निराळेच. खोटे कशाला म्हणावे? पन्नाशीचा घोडनवरा कलप लावून चाळिशीचा म्हणून बोहल्यावर चढतो, तेव्हा एका मुलीचा जन्म फसतो. ते खोटे खरेच. पण या माउलीने कोणाला फसविले? मुकादमाला पोते उचललेले हवे, ते उचलले जाते. माणसाची पाठ न पाहता केस पाहतो तो मुकादम, आणि दोष मी दिला पाठ वाकविणाऱ्याला!

मग आरशासमोर उभा राहिलो. माझे केस पांढरेशुभ्र आहेत. गाडीत लोक उठून जागा देतात, वादात माझा शब्द अखेरचा मानतात. 'हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत' असे मीही चारचौघांत म्हटले आहे. त्यातले किती शहाणपणाने पिकले आणि किती नुसत्या वयाने, हे मलाच ठाऊक. त्या फुकटच्या मानाला मी कधी 'नको' म्हटले? डोके पांढरे झाले म्हणून कोणी वृद्ध होत नाही, असे मनुस्मृती सांगते आणि धम्मपदही सांगते. कालिदासाच्या रघुवंशात दशरथाच्या कानाशी पांढरा केस येऊन 'रामाला राज्य दे' म्हणून सांगतो. राजाने ऐकलेही, पण कैकेयीपुढे त्या पिकल्या केसाचा काय उपयोग झाला? आणि चांगदेव? परंपरा त्यांना चौदाशे वर्षांचे म्हणते. त्यांनी गुरू केले ते मुक्ताईला, एका पोरीला.

वद्य एकादशीला मी त्यांची वाट पाहिली. उशिरा आले. कपाळाच्या कडेला कलपाचा डाग होता आणि मध्ये बुक्का. मी पुढे होऊन त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते संकोचून मागे सरकले. "माउली, परवा माझे चुकले. तुम्ही बिनघोर कलप लावा. फक्त नवी पुडी आणली की आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस पाहा. खाज सुटली तर तो डोक्याला लावू नका. आणि पुडी पोराबाळांच्या हाती लागू देऊ नका."

त्यांनी गळ्याशी हात नेला. "म्हंजी माळ ऱ्हाऊ द्यायची?"

"राहू द्या."

"बरं झालं, म्हाराज. आज काढून देवापुढं ठेवायला आलो हुतो."